शेंदराखालचे पट्टे

संग्रामपूर, ता. ८ जानेवारी १९६७

शेषराव, तुह्या मोठ्या बहिणीचा तुले आशीर्वाद. तेवढा पहिले घेऊन ठेव, कारण खाली सगळी बोलणीच आहेत.

साडेतीन वर्षांनी तुहं पत्र आलं. दिवाळीची कार्डं मी पत्रात धरत नाही. "मी मजेत आहे, तुम्हीही मजेत असाल" एवढं तर पोस्टमनही दारातून सांगून जाईन. हे पाकीट जाड होतं, म्हणून मी पिठाचे हात धुऊन उघडलं. अन् आत काय? माय कशी आहे, ते नाही. पुष्पा केवढी झाली, ते नाही. "माझा दगड सुरक्षित आहे ना?" हे पहिलं वाक्य. दगडाले काय धाड भरली बाप्पा. तो मायच्या देव्हाऱ्यात बसला आहे. त्याले दोन टाइम दिवा आहे, शनिवारी तेल-शेंदूर आहे, गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य आहे. या घरात एवढा लाड पहिले तुहा झाला, अन् तुह्यानंतर त्याचाच.

तुह्या पत्रातलं मले जेवढं समजलं तेवढं लिहिते, चुकलं तर सांगजो. मी चौथी पास, तू कलकत्त्याच्या दगडाच्या हापिसातला सायेब. तर तुमच्या हापिसाचं एक पुस्तक निघून राह्यलं आहे. समुद्रातले जे जुने किडे हिमालयात दगड होऊन पडले, त्यांची त्यात यादी आहे. तू स्पितीच्या डोंगरातून आणलेला आपल्या घरचा ट्रायलोबाईटही त्यात आहे, पण त्याच्यापुढं तुले "जात नक्की नाही" असं लिहावं लागलं. दोन जातींपैकी एक असन, पण कोणती, ते दगड जवळून पाह्यल्याशिवाय ठरत नाही. पुस्तक दिवाळी झाल्यावर छापायले जाईन. म्हणून तू म्हणतं, दगड खरडून, साफ करून, पार्सलनं धाड.

हे मी मायले वाचून दाखवलं. माय तूर निवडत होती, तिचा हात काही थांबला नाही. म्हणे, "देव पार्सलनं जात नसते. अन् शेंदूर माणसाच्या हातानं काढत नसतात. खोळ देवाच्या मर्जीनं गळते. गळली तवा पाहू." तुलेही हे माहीत आहे. आपण लहान होतो तवा वेशीवरच्या मारुतीची शेंदराची खोळ गळली होती, अन् गावानं ती वाजतगाजत वाण नदीत सोडली होती. तू तवा बाबाच्या खांद्यावर बसून झांजा वाजवल्या होत्या, सायेब.

आता तू म्हणशीन, मुळात शेंदूर लावलाच काऊन. चूक तुहीच आहे. सन एकसष्टच्या दिवाळीले तू हा दगड मायच्या ओंजळीत ठेवला अन् म्हणला, "माय, हिमालयातून आणला." एवढंच म्हणला. आता हिमालयातून दगड कोण आणते? मायले तर एकच जण माहीत आहे, ज्यानं अख्खा डोंगर तळहातावर आणला होता. मंग मारुतीच्या डोंगरातल्या खड्याले शेंदूर नाही लावणार तर काय पावडर लावीन? शेंदूर पुढच्या वर्षी चढला, पण मायनं तो तवाच देव म्हणून डोक्याले लावला अन् तूही हसला होता. "ठेव तुले, मी पुढच्या उन्हाळ्यात दुसरा आणतो," म्हणला होता. मंग चीनची लढाई झाली, तिकडचा रस्ता बंद झाला, अन् दुसरा काही भेटला नाही. त्रेसष्टच्या जूनमधे तू आला तो दगड मांगायलेच आला. शेंदूर पाहून तुहं डोकं फिरलं. "हा किडा आहे, देव नाही," असं मायच्या तोंडावर म्हणून खुरपीनं खरडायले बसला. मायनं दगड तुह्या हातातून ओढून घेतला, अन् तू दुपारच्या नांदुऱ्याच्या मोटारीनं निघून गेला. जेवलाही नाही. तुह्यासाठी केलेलं भरीत मी अन् पुष्पानं खाल्लं, पण गोड लागलं नाही.

असो. आता माह्या मतलबाची गोष्ट. पुष्पाचं लग्न ठरलं. पोरगा नांदुऱ्याले शाळामास्तर आहे, घरचे लोक चांगले आहेत. तारीख १४ मे. नवरीच्या मागं मामा उभा राह्यते, हे तुले सांगायची गरज नाही. माह्या पोरीले एकच मामा आहे अन् तो तू आहे. मी तुह्या दगडाचं पाहते, तू माह्या पोरीचं पाह्य. मी सरळ सांगून राह्यली, मले तू घरी यायले पाह्यजे.

शालूबाई

संग्रामपूर, ता. ५ फेब्रुवारी १९६७

शेषराव, आशीर्वाद.

साडेतीन वर्षं मुका होता अन् आता पंधरा दिवसांत उत्तर. दगडावर चार पानं, वरतून चित्रं. पुष्पाच्या लग्नावर दोन शब्द, "जमल्यास बघतो." ते दोन शब्द मी पुष्पाले वाचून दाखवले नाही. मामाले सरकारी सुट्टी मांगावी लागते, ती मांगतली आहे, असं सांगतलं. माह्या खोट्याचं पाप तुह्या डोक्यावर.

चित्रं मातर झकास आहेत. पुष्पा म्हणे, "मामाचा किडा तर झुरळावानी आहे." मी म्हणलं, मामाले सांगू नको, तो पहिलेच रुसलेला आहे. तुह्या त्या दोन जातींची नावं काही माह्या तोंडात बसत नाही, म्हणून मी माही नावं ठेवली. ज्याच्या पाठीवर आडवे चौदा पट्टे अन् काटा आखूड, तो थोरला. ज्याले तेरा पट्टे अन् काटा लांब, तो धाकला. काटा म्हणजे डोक्याच्या कोपऱ्यातून, गालापासून, मागं शेपटीकडं जाते तो. आपला थोरला का धाकला, एवढंच पाहायचं. बरोबर ना?

तर ऐक. माय मिरच्या तोडायले गेली तवा मी देव्हाऱ्यासमोर बसली. आंघोळ करून बसली, नाही तर मनाले पटत नव्हतं. शेंदूर आता दोन बोटं चढला आहे. त्याच्यावरून पट्टे मोजणं म्हणजे गोधडीवरून झोपलेल्या माणसाच्या फासळ्या मोजणं. एकदा बारा भरले, एकदा पंधरा, एकदा मधेच शिंक आली. मंग मी अक्कल लढवली. बोटाले लागलेल्या एकेका पट्ट्यापाशी जवारीचा एकेक दाणा ठेवत गेली. अकरावा ठेवून राह्यली तर माय दारात. तिले वाटलं, मी पोरीच्या लग्नाचा काही नवस बोलून राह्यली. ती माह्या बाजूले बसली, डोळे मिटले, अन् आपल्या हातानं मूठभर दाणे देवावर टाकले. झाली मोजणी.

दुसऱ्या दिवशी कणीक घट्ट मळली, देवाले तेलाचं बोट लावलं अन् कणकेचा गोळा वरून दाबून ठसा घेतला. तो सावलीत वाळवून आज पार्सल केला आहे. पार्सल शिवताना तुहे भाऊजी वाडीतून आले. त्यांनी गोळा हातात घेऊन वरखाली पाह्यला अन् म्हणाले, "साळेबुवाले बिट्ट्या धाडून राह्यली का? मंग वरणही धाड." त्यांच्याकडं ध्यान देऊ नको. ठसा जपून उघडजो.

माय तुहं नाव काढत नाही. पण मी तुहं पत्र वाचायले बसली का तिचं काही ना काही काम त्याच खोलीत निघते. परवा तर तिनं झाडलेलं घर पुन्हा झाडलं.

शालूबाई

संग्रामपूर, ता. ३ मार्च १९६७

शेषराव, आशीर्वाद.

"कणकेला बुरशी आली आहे, बुरशीचे पट्टे सतरा भरले, अशी जात अजून जगात सापडलेली नाही." हे तुहं वाक्य मी मोठ्यानं वाचलं. मायनं तोंड भिंतीकडं केलं. मले वाटलं रडून राह्यली, पण तिचे खांदे हालत होते ते हसण्यानं. साडेतीन वर्षांत तुह्या नावावर या घरात कोणी हसलं नव्हतं. बुरशी फुकट गेली नाही, असं समज.

तुह्या पत्राच्या शेवटी जे लिहिलं आहे, ते मातर मी मनात वाचलं. तेच इथं उतरवून काढते, कारण तू ते लिहिलं यावर माहा अजून भरवसा बसत नाही. "बाई, खरं सांगायचं तर तो दगड पुन्हा पाहायची मला भीती वाटते. त्या दिवशी खुरपीखाली डाव्या गालाचा टवका उडाला. उजवा गाल दगडात मुळातच नव्हता. काटा होता तो त्या टवक्यात. जात ओळखायची खूण मीच माझ्या हातानं तोडली, आणि वर आईलाच अडाणी म्हणालो. कोणत्या तोंडानं येऊ?"

येड्या, हे साडेतीन वर्षं पोटात घेऊन बसला होता का? आम्ही समजत होतो, तू रागावला. मी तुले मनातल्या मनात काय काय बोलली, ते कागदावर लिहिता येत नाही. त्यातलं अर्धं आज वापस घेते. अर्धं राहू देते, कारण राग आला काय अन् लाज वाटली काय, मायले तर तू दिसलाच नाही ना. दोन्हीत तिचं जेवण सारखंच उतरलं. तुहं वाचून मी चुलीपाशी बसून रडली. पुष्पाले सांगतलं, धूर लागला.

हे मी मायले वाचून दाखवलं नाही. तुही गोष्ट आहे, तू तुह्या तोंडानं सांगजो. पण काटा तुटला म्हणून तू नातं तोडून बसू नको. पट्टे तर आहेत ना. पट्टे मोजूनही थोरला-धाकला ठरते, असं तूच चित्रांच्या पत्रात लिहिलं होतं.

अन् मनाची तयारी ठेव. ऊन तापायले लागलं. खोळ कधी गळंन, देवाच्या मर्जीचं काही सांगता येत नाही.

शालूबाई

संग्रामपूर, ता. १२ एप्रिल १९६७

शेषराव, खोळ गळली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, दुपारी. आपोआप गळली, माणसाचा हात लागला नाही. हे मी शपथेवर लिहिते.

शपथ घेतलीच आहे तर बाकीचंही सांगून टाकते. हात लागला नाही, पण ऊन लागलं. लग्नाचे पापड-कुरुड्या चालू आहेत. माळवदावर खाटा टाकून आम्ही रोज वाळवण घालतो, अन् कावळे भल्ले त्रास देतात. मी मायले म्हणलं, "देवाले वर बसवते राखणीले. देवासमोर कावळा चोच मारणार नाही." माय माह्याकडं पाहत राह्यली. मंग म्हणे, "बसव. पण उडदाच्या पापडापाशी बसव, कुरुड्या ओल्या आहेत." म्हणून देव पाच दिवस पापडात बसला. कावळे आले, पण कमी आले, असं मी धरते. रोज उतरताना मी खोळीले बोटानं टिचकी मारून पाहत होती. पहिल्या दिवशी ठक्क वाजली, चौथ्या दिवशी पोकळ वाजली. टिचकी म्हणजे हात लावणं नव्हे. तुले तसं वाटत असन तर मायले कळवू नको.

पाचव्या दिवशी आम्ही तिघी वरच होतो. भुईमुगाची शेंग फोडल्यावर होते तसा आवाज आला. पाहतो तर खोळ मधोमध उकलली होती अन् आत तो काळा, गुळगुळीत, जसा तू आणला होता तसा. पापडाची लाटी माह्या हातातच राह्यली. मायनं पदर डोक्यावर घेतला, नमस्कार केला, अन् पुष्पाले म्हणे, "जाय, बायांले सांग, देवानं खोळ टाकली." तासाभरात दारात पंचवीस बाया, अकरा नारळ. शेजारची जनकाबाई तर माह्या पाया पडली, कारण माह्या हातून देवाले वर बसवायची बुद्धी झाली. शेषराव, मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता दगड उघडा आहे. पट्टे किती ते मी मोजले आहेत. गालाचं कसं आहे तेही पाह्यलं आहे. पण लिहित नाही. लिहून काय समजणार? तू ये. १४ मेच्या पहिले ये, आपल्या डोळ्यानं पाह्य, आपल्या भिंगातून मोज. लग्नही होईन अन् जातही ठरंन.

वाट पाहून राह्यली.

शालूबाई

संग्रामपूर, ता. २० एप्रिल १९६७

शेषराव, मागच्या पत्रात मी तुह्याशी चालूपणा केला.

पाकिटावर पत्ता पुष्पा लिहिते, अक्षर तिचं चांगलं आहे. तिनं या बारीनं पत्र वाचलं. काल रुखवताच्या पिशव्या शिवता शिवता म्हणे, "आई, मामा दगडासाठी आला अन् माह्या मागं उभा राह्यला, तर तो माह्यासाठी उभा आहे असं मी कसं समजू?" मी सुई पिशवीत खोचून ठेवली. म्हणून आज सगळं लिहिते, एकही गोष्ट मागं ठेवत नाही.

एक. पट्टे तेरा. मी तीनदा मोजले, पुष्पानं एकदा. मायले विचारलं तर तिनं दगडाकडं पाह्यलंही नाही. म्हणे, "तेरा. शेंदूर चढायच्या पहिले वर्षभर मी रोज पाण्यानं धुतला आहे, मले माहीत नसन का?" म्हणजे मी जवारीचे दाणे ठेवत बसली तवा हे उत्तर माह्या बाजूलेच डोळे मिटून बसलं होतं. आपण दोघांनीही तिले कधी विचारलं नाही.

दोन. ही मोठी गोष्ट आहे, नीट वाच. खोळीचा एक अर्धा भाग मायनं उचलला, आत बोट घातलं, अन् नखाएवढा काळा टवका काढून माह्या तळहातावर ठेवला. डावा गाल. काट्यासकट, शाबूत. म्हणे, "त्याच्या खुरपीनं पडला होता. मी त्याच दिवशी वेचला अन् शेंदरानं जाग्यावर बसवून देल्ला." मी म्हणलं, माय, मंग तवाच त्याले सांगतलं काऊन नाही? म्हणे, "तो मोटारीत बसून राह्यला होता. अन् पोराच्या हातानं मोडलेली वस्तू पोरासमोर धरू का?" शेषराव, तुले जे सांगायची लाज वाटत होती, ते तिले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं ते नीट करून, झाकून ठेवलं होतं.

तीन. खोळीचा एक तुकडा धाडते, बाकी नदीत सोडली. कडेनं पाह्य, पापुद्र्यावर पापुद्रा आहे. तू थर पाहून डोंगराचं वय सांगतं ना, मंग हे मोज. एक थर म्हणजे एक शनिवार. लढाई लागली तवा तू बर्फातच आहे असं तिच्या डोक्यात बसलं होतं, तवापासून ती शेंदूर तुह्या नावानं लावते. तू रुसून गेला त्याच्यानंतरचा शनिवारही चुकला नाही.

चार. कडूबा सोनाराकडून लाखेत दोन ठसे घेतले, एक दगडाचा, एक टवक्याचा. हे बुरशी धरणार नाहीत. टवका जाग्यावर लावून मी काटा पाह्यला, तो तिसऱ्या पट्ट्यापर्यंतच येते, म्हणजे आखूड. आता पट्टे धाकल्याचे अन् काटा थोरल्याचा, हे काय प्रकरण आहे, ते तुहं तू पाह्य.

झालं. ठसे पाहून तू कलकत्त्यात बसूनच तुहं काम करू शकतं. आता तुले यायले काही कारण राह्यलं नाही. मी तुले मोकळं सोडून राह्यली. नाही आला तर माहे दीर उभे राहतीन पुष्पाच्या मागं, लग्न काही थांबत नाही. पण आला, तर आता आमच्यासाठी ये.

शालूबाई

संग्रामपूर, ता. ९ जून १९६७

शेषराव, आशीर्वाद. या बारीचा खरा आशीर्वाद, खाली बोलणी नाहीत. थोडीशी आहेत.

तुही तार काल पोचली. "येत आहे, मामाची जागा राखा." तू येऊन, लग्न लावून, परत जाऊन, तुह्या कपड्यांची इस्तरी मोडली असन, तवा तार आली. पोस्टमन म्हणे, पत्ता चुकून ती दुसऱ्या गावाले फिरत होती. मी त्याले चहा पाजला. तार चांगली होती, उशीर झाला म्हणून काय झालं.

म्हणून १४ तारखेच्या सकाळी आम्हाले काहीच माहीत नव्हतं. तू मोटारीतून उतरला तवा मांडवात काय चालू होतं ते तुले कोणी सांगतलं नसन, मी सांगते. माहे दीर फेटा बांधून तयार झाले. मायनं त्यांले हात जोडले. म्हणे, "तुम्ही उभे राह्या, पण हातात हे धरा." कोऱ्या हातरुमालात गुंडाळलेला दगड. "मामा आला नाही तर मामानं आणलेलं तरी पोरीच्या मागं पाह्यजे." दिरांची पंचाईत. त्यांनी रुमाल हातात घेतला अन् तेवढ्यात तुहे भाऊजी मांडवाच्या तोंडापासून म्हणाले, "साळेबुवा आले, बिट्ट्या टाका." मी पाह्यलं तर तू. केस पांढरे झाले बे तुहे. पस्तिशीत पांढरे.

माय जाग्यावरून उठली नाही. तू तिच्या पायाशी बसला, अन् माय, टवका, खुरपी असं काहीबाही बोलायले लागला. तिनं ऐकून घेतलं नाही. दिरांच्या हातातला रुमाल घेऊन तुह्या हातात देल्ला अन् म्हणे, "धर. मुहूर्त जाऊन राह्यला." बाकी तुले माहीत आहे. फक्त एक माहीत नसन. मंगलाष्टकं चालू असताना तुहा अंगठा रुमालात शिरला होता अन् ओठ हालत होते. नवरदेवाच्या मावशीनं मले विचारलं, "मामा मोठे धार्मिक आहेत, कोणता जप करतात?" मी म्हणलं, तेराचा.

पुष्पा परवा माहेरपणाले आली. म्हणे, "मामा माह्याचसाठी आला होता. तीन दिवस राह्यला, अन् आज्जी 'घेऊन जाय' म्हणेस्तोवर दगड मांगतलाही नाही." मले हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं.

आता तुह्या पत्राचं. वाचून मी मायले समजावून सांगतलं. इथं असताना तुले भिंगातून काट्यावर रांगेनं बारीक दाणे दिसले, ते थोरल्याले नाहीत अन् धाकल्यालेही नाहीत. म्हणजे हा त्या दोघांतला नाही, तिसराच असू शकते, जो अजून कोणाच्या यादीत नाही. पण लाखेच्या ठशात ते दाणे नीट उमटत नाहीत. खुद्द टवका तुमच्या हापिसातल्या मोठ्या भिंगाखाली ठेवल्याशिवाय तसं छापता येणार नाही. अन् तू लिहितं का घरी जाऊन गठुडं सोडलं तर दगड निघाला, टवका नाही. रेल्वेत पडला का मोटारीत, या घोरानं तुले दोन दिवस जेवण गेलं नाही.

जेव. टवका पडला नाही. मायनं तुहं गठुडं बांधतानाच काढून घेतला. देव्हाऱ्यात बसला आहे. त्याले शेंदराची टिकली लावली आहे, नुसती टिकली, घाबरू नको, काट्याले लागू देल्ली नाही.

मी तिले म्हणलं, "माय, त्याच्याबिगर त्याच्या किड्याची जात ठरत नाही." म्हणे, "मले माहीत आहे. तू पत्र वाचतं तवा मी बहिरी नसते." म्हणलं, दिवाळी झाल्यावर त्याचं पुस्तक छापायले जाईन. म्हणे, "मंग तो दिवाळीले येऊन घेऊन जाईन. भाऊबीजही होईन तुही." मले बरं वाटलं, खोटं कायले सांगू, पण मी म्हणलं, "हे बरोबर नाही माय. मी त्याले मोकळं सोडलं होतं."

म्हणे, "तू बहीण आहे, तू सोड. मी माय आहे."

शालूबाई